प्रतिनिधी कोणाचा?

शिक्षकाच्या नशिबी निवडणुकीचे काम ठरलेलेच असते. देवरूखच्या परिसरातील शाळांत नोकरी करीत असताना मीही ते अनेकदा केले. मतपेट्या, मतपत्रिका, शाईची बाटली, लाख आणि सुतळी असा सरंजाम घेऊन आदल्या दिवशी निघायचे, रात्री शाळेच्या वर्गातच पथारी पसरायची आणि उजाडताच मतदारांची वाट पाहत बसायचे, असा तो क्रम. १९८० च्या सुमारास मार्लेश्वरच्या बाजूला, सह्याद्रीच्या पायथ्याशी असलेल्या एका वाडीत माझी नेमणूक झाली होती. दुपारी एक वृद्धा आली. बोटाला शाई लावून घेतली, मतपत्रिका हाती घेतली आणि आडोशाला जाण्याआधी माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाली, “गुरुजी, खोतांना कळनार न्हाय ना?”

मी तिला सांगितले, “आजी, कोणालाही कळणार नाही. मलासुद्धा नाही.” तिचे समाधान झाले की नाही, ठाऊक नाही. मुंबई खोती निर्मूलन कायदा १९४९ साली झाला. म्हणजे कागदावरून खोती जाऊन तेव्हा तीस वर्षे होऊन गेली होती. पण त्या आजीच्या मनातून खोत गेला नव्हता. शासनाने तिला मत दिले होते. ते मत निर्भयपणे वापरता येण्याची खात्री मात्र तिच्यापर्यंत पोहोचायची होती.

त्या प्रश्नाने माझा पिच्छा सोडला नाही. दुर्बलाला मत देणे, त्याच्यासाठी एखादी जागा राखून ठेवणे, एवढ्याने न्याय पुरा होतो काय? की ते मत कसे घ्यायचे, कसे मोजायचे आणि त्या जागेवर बसणाऱ्याला कोणी निवडायचे, या वरवर कारकुनी वाटणाऱ्या गोष्टींतच न्याय-अन्यायाचा खरा निवाडा होत असतो?

काही वर्षांपूर्वी न्यूझीलंडमध्ये नोकरीनिमित्त राहणारा माझा भाचा सुट्टीत देवरूखला आला होता. आमच्या नगरपंचायतीच्या प्रभागांची आरक्षण सोडत तेव्हा गावात गाजत होती. कोणता प्रभाग महिलांसाठी, कोणता मागासवर्गासाठी, यावर ओट्याओट्यावर चर्चा चालू होती. भाचा म्हणाला, “मामा, आमच्याकडेही राखीव जागा आहेत, आणि त्या दीडशे वर्षे जुन्या आहेत.” त्याने सांगितलेली हकिकत मी पुढे वाचून पाहिली. ती आपणा सर्वांना विचार करावयास लावणारी आहे.

न्यूझीलंडचे मूळ रहिवासी म्हणजे माओरी. इंग्रज वसाहतवाल्यांनी तेथे संसद स्थापन केली, तेव्हा १८५२ च्या कायद्याप्रमाणे मताचा हक्क ज्याच्या स्वतःच्या नावावर मालमत्ता आहे अशा पुरुषाला मिळाला. माओरींची जमीन सबंध कुळाची, सामाईक. एकट्याच्या नावावर काहीच नाही. तेव्हा जे त्या भूमीचे मूळ धनी, तेच मतदार यादीबाहेर राहिले. पुढे जमिनीवरून युद्धे झाली. अखेर १८६७ साली कायदा करून माओरींसाठी संसदेत चार स्वतंत्र जागा ठेवण्यात आल्या आणि एकवीस वर्षांवरील प्रत्येक माओरी पुरुषाला, मालमत्ता असो वा नसो, मत देण्यात आले. पहिली निवडणूक १८६८ साली झाली. ही व्यवस्था पाच वर्षांपुरतीच आहे, असे तेव्हा सांगण्यात आले होते. ती आजही चालू आहे.

वाचताना प्रथम मन भरून येते. मालमत्तेची अट न घालता सर्व पुरुषांना मत, तेही १८६७ साली! पण निवडणूक कशी घेतली जाई हे पाहू लागलो की हा आनंद ओसरतो. लोकसंख्येच्या मानाने चार जागा फारच थोड्या होत्या. दक्षिणेकडील सबंध बेट मिळून एकच माओरी मतदारसंघ केला होता. मतदाराने कोठून कोठे जावे? निवडून आलेल्यांपैकी काहींना इंग्रजी येत नसे. दुभाष्यावाचून त्यांना सभागृहात बोलता येत नव्हते. आणि सर्वांत मोठी गोष्ट म्हणजे गोऱ्या मतदारांना १८७० साली गुप्त मतदान मिळाले, पण माओरी मतदाराने अधिकाऱ्यासमोर, आपल्या सरदारासमोर, चारचौघांत हात वर करूनच मत द्यावे, अशी रीत विसाव्या शतकाच्या आरंभापर्यंत चालू राहिली. त्यानंतरही मत अधिकाऱ्याला तोंडी सांगावे लागे. गुप्त मतपत्रिका त्यांच्या हाती पडली ती १९३८ च्या निवडणुकीत. रीतसर मतदार याद्या तयार होण्यास १९४९ साल उजाडले. त्यांचा मतदानाचा दिवसही १९५१ पर्यंत इतरांपेक्षा वेगळा असे.

मला आमच्या वाडीतील ती आजी आठवली. खोत समोर बसला आहे आणि तिने हात वर करून मत द्यायचे आहे, अशी कल्पना करा. मग तिच्या मताला मत म्हणावे काय? संसदेत जागा होती, मतही होते. पण मतदाराला भयापासून दूर नेणारा जो साधा आडोसा, तोच नव्हता. उपकार म्हणून दिलेली वस्तू आणि हक्क म्हणून दिलेली वस्तू यांतील भेद असा बारीकसारीक तपशिलांत उघडा पडतो.

आता आपल्याकडे वळू. हाच प्रश्न आपल्या देशात आला तो अधिक तीव्र रूपात, आणि त्याच्या केंद्रस्थानी होते रत्नागिरी जिल्ह्यातील मंडणगड तालुक्याच्या आंबडवे गावाशी कुळाचे नाते असलेले डॉ. बाबासाहेब आंबेडकर. ऑगस्ट १९३२ मध्ये ब्रिटिश पंतप्रधान रॅम्से मॅकडोनल्ड यांनी जातीय निवाडा जाहीर केला. त्यात अस्पृश्य समाजाला स्वतंत्र मतदारसंघ देण्यात आले. म्हणजे त्यांचा प्रतिनिधी त्यांनीच निवडावयाचा. याविरुद्ध महात्मा गांधींनी येरवड्याच्या तुरुंगात २० सप्टेंबर रोजी उपोषण आरंभले. २४ सप्टेंबरला पुणे करार झाला. स्वतंत्र मतदारसंघ गेले. त्यांच्या जागी संयुक्त मतदारसंघांत राखीव जागा आल्या, आणि त्यांची संख्या निवाड्यातील ७१ वरून १४८ वर गेली.

या वादात कोणाची बाजू खरी, हे ठरविण्याची घाई आपण करू नये. गांधीजींचे म्हणणे असे की, वेगळा मतदारसंघ म्हणजे कायमची वेगळी पंगत. एकदा भिंत उभी राहिली की शेजाऱ्याच्या पापाची जाणीव शेजाऱ्याला उरणार नाही. बाबासाहेबांचे म्हणणे असे की, सर्वांनी मिळून निवडलेला अस्पृश्यांचा प्रतिनिधी हा बहुसंख्यांना रुचणारा मनुष्य असेल. तो जागेवर बसेल आमच्या नावाने आणि तोंड बघेल दुसऱ्याचे. दोन्ही भये खरी होती. एकाला तुटण्याचे भय, दुसऱ्याला गिळले जाण्याचे भय. फरक एवढाच की, पहिले भय बाळगणारा बलवान समाजात जन्मला होता आणि दुसरे भय ज्याला वाटत होते त्याने ते अंगावर सोसले होते.

करार करणाऱ्यांनी या दोन भयांतून वाट काढण्याचा प्रयत्न केला. राखीव जागेसाठी प्रथम केवळ अस्पृश्य मतदारांनी चार उमेदवार निवडावेत आणि मग त्या चौघांतून एकाला सर्वांनी मिळून निवडावे, अशी दुहेरी पद्धत दहा वर्षांसाठी ठरली. मुंबई इलाख्यात आणखी एक सोय होती. मतदारसंघात जितक्या जागा तितकी मते प्रत्येक मतदाराला असत, आणि ती सर्वच्या सर्व एकाच उमेदवाराला देण्याची मुभा होती. संख्येने थोडे असलेले लोकही आपली मते एकवटून आपल्या विश्वासाचा मनुष्य निवडून आणू शकत. वाचकहो, ही तरतूद रुक्ष वाटेल. पण तिच्यात दुर्बलाच्या मनाचा केवढा विचार आहे!

त्याचे फळही दिसले. बाबासाहेबांनी १९३६ साली स्थापन केलेल्या स्वतंत्र मजूर पक्षाने १९३७ च्या निवडणुकीत मुंबई इलाख्यात १७ जागा लढविल्या आणि त्यांतील बहुसंख्य जिंकल्या. एवढेच नव्हे, तर कुलाबा-रत्नागिरी भागातून अनंत चित्रे, शामराव परुळेकर, सुरबानाना टिपणीस असे स्पृश्य समाजातील कार्यकर्तेही त्या पक्षाच्या वतीने निवडून आले. १७ सप्टेंबर १९३७ रोजी बाबासाहेबांनी विधानसभेत खोती नष्ट करण्याचे विधेयक मांडले. जानेवारी १९३८ मध्ये कोकणातील हजारो शेतकऱ्यांचा मोर्चा मुंबईत कौन्सिल हॉलवर गेला. त्यात महार होते, कुणबी होते, इतर कुळेही होती. विधेयक त्या वेळी संमत झाले नाही. खोती जाण्यास आणखी बारा वर्षे लागली. पण आपल्या तालुक्यातील कुळाचे दुःख त्या सभागृहात प्रथम ठामपणे कोणी मांडले? वेगळ्या जागांच्या झगड्यातून पुढे आलेल्या माणसाने. राखीव जागा समाजाला फोडते, असे म्हणणाऱ्यांनी हे विसरू नये. आपल्या माणसांच्या विश्वासाने उभा राहिलेला प्रतिनिधी मग आपल्यापलीकडच्यांसाठीही बोलू शकतो. ज्याला स्वतःचे पाय आहेत, तोच दुसऱ्याला आधार देतो.

याची दुसरी बाजू १९५२ साली दिसली. स्वतंत्र भारताची ती पहिली सार्वत्रिक निवडणूक. सुमारे साडेसतरा कोटी मतदार. त्यांतील बहुसंख्य निरक्षर. मुख्य निवडणूक आयुक्त सुकुमार सेन यांनी प्रत्येक उमेदवाराची वेगळी मतपेटी, तिच्यावर त्याचे चिन्ह, अशी व्यवस्था केली. अक्षरओळख नसलेल्या मनुष्यालाही आडोशामागे जाऊन, कोणाला न विचारता मत देता आले. माओरींना सत्तर वर्षे जे मिळाले नाही ते आपल्या गरिबातल्या गरिबाला पहिल्याच सार्वत्रिक निवडणुकीत मिळाले, याचा अभिमान बाळगावा. पण त्याच निवडणुकीत एक गोष्ट बदलली होती. दुहेरी मतदारसंघात मतदाराला दोन मते होती. ती दोन्ही एकाला देण्याची मुभा मात्र आता नव्हती. मुंबई शहर उत्तर मतदारसंघातील राखीव जागेवर घटनेच्या मसुदा समितीचे अध्यक्ष डॉ. आंबेडकर उभे होते. काँग्रेसचे नारायणराव काजरोळकर यांनी सुमारे साडेचौदा हजार मतांनी त्यांचा पराभव केला. काजरोळकरही दलित समाजातीलच होते आणि रीतसर निवडून आले होते, हे मान्य केलेच पाहिजे. पराभवाची कारणेही एकाहून अधिक असतील. तरीही १९३२ साली बाबासाहेबांनी विचारलेला प्रश्न त्या दिवशी पुन्हा उभा राहिला: जागा माझ्या लोकांची, पण प्रतिनिधी कोणाचा? दुहेरी मतदारसंघ १९६१ च्या कायद्याने रद्द झाले. प्रश्न तेवढा राहिला.

या प्रश्नाचे उत्तर शोधताना मला प्रेषितांच्या कृत्यांतील सहावा अध्याय आठवतो. आरंभीच्या ख्रिस्तसभेत रोजच्या वाटपाच्या वेळी ग्रीक भाषा बोलणाऱ्यांच्या विधवांकडे दुर्लक्ष होते, अशी कुरकुर झाली. प्रेषितांनी काय केले? ‘आपण सारे एकच आहोत, हा भेद कशाला काढता?’ असे म्हणून त्यांनी तक्रार दडपली नाही. त्यांनी सबंध समुदायाला बोलावून सात जण निवडावयास सांगितले. निवडलेल्या सातांची नावे पाहा: स्तेफन, फिलिप आणि पुढचे सर्व. सातही नावे ग्रीक आहेत. म्हणजे ज्यांची तक्रार होती, त्यांच्यातलीच माणसे सर्वांनी मिळून निवडली, आणि वाटप सर्वांचेच त्यांच्या हाती सोपविले. बहुसंख्यांनी स्वतःला सोईची माणसे शोधली नाहीत. दुर्लक्षितांना ज्यांच्याविषयी विश्वास वाटेल अशी शोधली. गांधीजींना हवे असलेले ऐक्य आणि बाबासाहेबांना हवा असलेला विश्वास, दोन्ही तेथे एकत्र आले. मात्र त्यासाठी बहुसंख्यांचे मन मोठे असावे लागते. जेथे ते तसे नाही, तेथे दुर्बलाने भिंत मागितली तर दोष त्याचा नव्हे.

येथवर दुसऱ्यांविषयी बोललो. आता स्वतःविषयी बोलणे भाग आहे, कारण राखीव जागा एके काळी आपल्यालाही होत्या. १९३५ च्या कायद्याप्रमाणे मुंबई विधानसभेच्या १७५ जागांपैकी ३ हिंदी ख्रिस्ती मतदारांसाठी स्वतंत्र होत्या. ऑगस्ट १९४७ मध्ये घटना समितीने स्वतंत्र मतदारसंघ रद्द केले. पण केंद्रात आणि मद्रास व मुंबई प्रांतांत ख्रिस्ती समाजासाठी लोकसंख्येच्या प्रमाणात जागा राखाव्यात असे ठरविले. पुढे मे १९४९ मध्ये धर्मावर आधारलेल्या राखीव जागाच नकोत, असा निर्णय झाला. अल्पसंख्याक उपसमितीचे अध्यक्ष हरेंद्रकुमार मुखर्जी हे स्वतः ख्रिस्ती होते. येशूसंघाचे फादर जेरोम डिसूझाही घटना समितीचे सभासद होते, आणि त्यांनी या निर्णयाला पाठिंबा दिला. फाळणीच्या जखमा ओल्या असताना एका लहान समाजाने आपल्या देशबांधवांवर विश्वास टाकला, ही मोठीच गोष्ट होती.

आपल्या घरांत, मिस्सानंतरच्या गप्पांत, हा त्याग आपण अभिमानाने सांगतो. तेथपर्यंत ठीक आहे. पण त्यापुढे एक वाक्य हमखास येते: “आम्ही राखीव जागा सोडल्या, मग यांना अजून कशाला हव्यात?” मीही हे वाक्य कधीकाळी उच्चारले आहे, हे कबूल करतो. आज मला ते अन्यायाचे वाटते, आणि त्याला दोन कारणे आहेत.

पहिले असे की, त्यागाचे मोल तो करणाऱ्याच्या स्वातंत्र्यात असते. आपण सोडले ते आपल्या प्रतिनिधींनी मान्य केले म्हणून. माओरींच्या जागांचेही पाहा. १९८६ साली तेथील शाही आयोगाने सुचविले की, निवडणुकीची नवी पद्धत आणल्यास या जागांची गरज उरणार नाही. माओरी समाजाने त्या राहाव्यात असा आग्रह धरला. जागा राहिल्या, १९९६ साली चाराच्या पाच झाल्या आणि २००२ पासून सात आहेत. माओरी वंशाच्या मतदाराने माओरी यादीत नाव घालावे की सर्वसाधारण यादीत, हे १९७५ च्या कायद्याने त्याच्याच इच्छेवर सोपविले आहे. जे १८६७ साली दुसऱ्यांनी त्यांच्यासाठी ठरविले होते, ते आता ते स्वतः ठरवितात. मला यात एक नैतिक नियम दिसतो: आधाराची काठी केव्हा टाकायची हे चालणाऱ्याने ठरवावे, शेजारून धावणाऱ्याने नव्हे.

दुसरे कारण अधिक बोचणारे आहे. ‘आम्ही सोडल्या’ यातील ‘आम्ही’ कोण? मिशनच्या शाळांतून शिकलेली, शहरांत स्थिरावलेली कुटुंबे त्यात होती. पण अहिल्यानगर, जालना, छत्रपती संभाजीनगर या भागांतील, महार-मांग समाजांतून ख्रिस्ती झालेले आपले श्रद्धाबंधू त्या ‘आम्ही’त कितपत होते? १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जातीचे स्थान हिंदूंपुरते ठेवले. १९५६ साली शिखांना आणि १९९० साली बौद्धांना ते मिळाले. दलित ख्रिस्ती आजही त्याबाहेर आहेत. २०२२ साली केंद्र सरकारने हा प्रश्न तपासण्यासाठी न्यायमूर्ती के. जी. बालकृष्णन यांचा आयोग नेमला. बाप्तिस्म्याने जात गेली असे आपण म्हणतो. पण लग्न जुळविताना ती गेलेली दिसते काय? आपल्यातील ज्यांना आधाराची सर्वांत अधिक गरज होती, त्यांच्या वाट्याचेही सोडून देऊन आपण उदार म्हणविले नाही ना, हा प्रश्न प्रत्येकाने स्वतःला विचारावा.

कोणी म्हणेल, राखीव जागा म्हणजे गुणवत्तेला डावलणे. आणि पुष्कळदा त्या जागेवर नावाला एक बसतो नि कारभार दुसराच पाहतो. दुसरी गोष्ट खरी आहे. महिलांसाठी राखीव झालेल्या जागेवर पत्नी आणि तिच्या खुर्चीशेजारी पती, हे चित्र आपण पाहिले आहे. पण त्याचा दोष जागेला द्यावा की जागेवरील व्यक्तीला बोलू न देणाऱ्यांना? घरात लहान भावाला वेगळे ताट वाढले आणि त्यातले मोठ्यानेच खाल्ले, तर ताट काढून घेणे हा उपाय नव्हे. गुणवत्तेचे म्हणाल तर, ज्या दुःखाचा अनुभवच सभागृहात कोणाला नाही, त्याविषयी बोलण्याची पात्रता केवळ शिक्षणाने येत नाही. खोतीचे कायदे जाणणारे विद्वान पुष्कळ होते; खोताच्या अंगणात उभे राहिल्याने काय वाटते, ते जाणणारा कोणीतरी तेथे हवा होता.

आपल्या धर्मग्रामांतही सल्लागार मंडळे निवडली जातात. कोकणातला आपला समाज मूठभर. तरी त्यातही पुढे बसणारे आणि मागच्या बाकावर बसणारे असतात. पुढच्या वेळी नावे सुचविताना मागच्या बाकाकडे एकदा वळून पाहावे. तेथील कोणाचे नाव घालायचे हे आपणच ठरवून मोकळे होऊ नये. तुमचा विश्वास कोणावर आहे, असे त्यांना आधी विचारावे.

ती आजी आता नसेल. तिला मी सांगितले होते की, कोणालाही कळणार नाही. ते खरेच होते. पण आज वाटते, तिचे मत कोणाला कळू नये ही जशी आपली जबाबदारी, तसे तिचे म्हणणे सर्वांना कळावे हीही आपलीच जबाबदारी होती. पहिली आम्ही सुतळी आणि लाख लावून पार पाडली. दुसरी अजून शिल्लक आहे.